हौशी 'संशयकल्लोळ'साठी संगीत मार्गदर्शक शोधताना: ठाण्यातल्या आमच्या मंडळाच्या नोंदी

८ जून

जानेवारीत 'संगीत संशयकल्लोळ' करायचं, हे आज बैठकीत पक्कं झालं. पदं पेटी-तबल्याच्या साथीवर गायची, आधी ध्वनिमुद्रित केलेले साथीचे ट्रॅक अजिबात वापरायचे नाहीत, हेही ठरलं.

ट्रॅकचा अनुभव मागच्या प्रयोगात घेतला आहे. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरमध्ये प्रेक्षक एका वाक्याला भरभरून हसले. नटी थांबली, ट्रॅक थांबला नाही. ध्रुवपदाची पहिली ओळ हशात गेली आणि पुढचं अख्खं पद ती ट्रॅकच्या मागून गात राहिली. जिवंत साथ असती तर पेटीवाल्याने नुसता सूर धरून ठेवला असता आणि हशा ओसरल्यावर मुखडा उचलला असता. प्रहसनात तर हे पावलोपावली होणार.

हेच नाटक का, तेही लिहून ठेवतो. गोविंद बल्लाळ देवलांनी ते आधी गद्य लिहिलं होतं. पदं घातलेलं 'संगीत संशयकल्लोळ' १९१६ चं. त्यामुळे मूळ प्रहसन स्वतःच्या पायावर उभं आहे. गाण्याचा मुख्य भार नायक अश्विनशेठ आणि नायिका रेवती यांच्यावर. साधूचं काम करणारा जरा सुरात असला की झालं. फाल्गुनराव, कृत्तिका, भादव्या यांच्यासाठी आमच्याकडे पक्के नट आहेत. 'सौभद्र'चंही नाव निघालं होतं, पण त्याला गाणाऱ्यांची फौज लागते. हक्कांचा प्रश्नही नाही. देवल १९१६ मध्येच गेले आणि आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो.

दिग्दर्शक आहे, नट आहेत, नौपाड्यातल्या शाळेचा हॉल रविवारी सकाळी मिळतो. गाणी बसवणारं माणूस नाही. संगीतासाठी बाजूला काढलेली रक्कम ₹५०,०००.

१२ जून

व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर फिरवला: 'हौशी नाट्यमंडळास संगीत नाटकासाठी संगीत दिग्दर्शक हवा.' नाट्यवर्तुळातले गट, दोन गायन क्लास, ओळखीचे साउंडवाले, सगळीकडे गेला.

२१ जून

प्रतिसाद भरपूर, उपयोगाचा थोडा. बहुतेकांनी घरच्या स्टुडिओत केलेल्या चाली पाठवल्या: भावगीतं, मालिकांची शीर्षकगीतं, जाहिरातींचे तुकडे. काही काम खरोखर छान आहे. पण आपल्याला नवी चाल नकोच आहे, या नाटकाच्या चाली शंभर वर्षं गायल्या जातायत. दोष पाठवणाऱ्यांचा नाही. काय करायचंय ते मजकुरात कुठेच नव्हतं.

दिग्दर्शकदादा आणि मी बसून काम उलगडून लिहिलं. नटांच्या पट्ट्या, म्हणजे कुणी कुठला सूर षड्ज धरून गायचं ते, ठरवणं. न गाणाऱ्यांकडून नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं स्तवन, बसवून घेणं. कुठलं पद किती गायचं हे दिग्दर्शकाबरोबर ठरवणं. तबलजी आणणं आणि त्याच्याबरोबर तालमी घेणं. प्रयोगाला स्वतः पेटीवर बसणं. जुलै ते जानेवारी दर रविवारी सकाळी नौपाडा, डिसेंबरपासून आठवड्यात आणखी एक संध्याकाळ. शेवटी मानधनाचा अंदाजे आकडाही टाकला. आकडा लिहावा की नाही यावर वाद झाला, पण तो वाचून ज्यांना परवडणार नव्हतं ते आपणहून बाजूला झाले आणि दोन्हीकडचा वेळ वाचला.

नव्या मजकुरात 'दिग्दर्शक' काढून 'संगीत मार्गदर्शक आणि पेटीवादक' असं लिहिलं. मधले दहा दिवस वाया गेले.

२९ जून

नेरूळहून एक गायिका आल्या. शास्त्रीय गाण्याची पक्की तालीम, नाट्यसंगीताच्या मैफली करतात. आल्या आल्या त्यांनी रेवतीचं एक पद म्हणून दाखवलं आणि हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. मग नटांना म्हणायला सांगितलं. भादव्या करणाऱ्याचा गंधार खाली लागत होता. त्यांनी तो दुरुस्त केला, पुन्हा दुरुस्त केला, आणखी एकदा केला. त्या शिकवत होत्या बरोबरच, पण दोन तासांत नांदीची एकच ओळ झाली आणि आमची माणसं एकेक करून गप्प झाली. शेवटी फाल्गुनराव करणारे काका म्हणाले, "मी नुसते ओठ हलवतो."

बाईंनीच जाताना मोकळेपणाने सांगितलं की एवढ्या जणांना एकत्र बसवणं त्यांच्या सवयीचं नाही, पण रेवतीचं काम करणाऱ्या मुलीचा गळा चांगला आहे, तिला वेगळं शिकवायला आवडेल. हे वाक्य वहीत ठळक लिहून ठेवलंय.

आजच्या दिवसाने एक दिसलं: उमेदवार स्वतः कसं गातो हे ऐकून काही कळत नाही. आपल्या माणसांबरोबर त्याला अर्धा-पाऊण तास सोडायचं, आणि सगळ्यात कच्च्या माणसापासून सुरुवात करायला लावायची.

४ जुलै

चाचणी तालमीचा आराखडा केला. प्रत्येकाला पाऊण तास आणि काम तीन भागांत. आधी नांदीच्या दोन ओळी सगळ्यांकडून. मग अश्विनशेठच्या एका पदाची पट्टी ठरवणं. आणि शेवटी, संवाद संपतो आणि पद सुरू होतं तो सांधा. मला या सांध्याची सगळ्यात काळजी आहे, कारण हौशी संगीत नाटक तिथेच पडतं. नट वाक्य संपवतो, पेटीकडे बघतो, पेटीवाला नटाकडे बघतो, आणि त्या दोन सेकंदांत प्रसंग थंड होतो.

प्रत्येक चाचणीला ₹१,००० मानधन, जायचा-यायचा खर्च वेगळा. खजिनदार म्हणाले, निवडच झाली नाही तर पैसे का द्यायचे? पण रविवारची सकाळ म्हणजे कुणाच्या तरी क्लासची बॅच बुडते. फुकट बोलावलं की येणारा ओळखीखातर येतो, आणि मग नाही म्हणणं दोघांना जड जातं.

१३ जुलै

पहिली चाचणी. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा ऐरोलीचा तरुण. हात अतिशय सफाईदार, ऑर्गनचा आवाज हुबेहूब लावला, बटण दाबून पट्टी हवी तशी बदलली. नांदीला कीबोर्डवरचा तयार ठेका लावला आणि सगळे आनंदाने गायले, फाल्गुनरावकाकासुद्धा.

अडलं ते सांध्यावर. त्याला सुरुवातीचे चार ठोके मोजून लागतात. नट एकदा वाक्य भरभर म्हणतो, एकदा श्वास घेऊन म्हणतो, प्रत्येक वेळी पद वेगळ्या क्षणी सुरू होतं. त्याने स्वतःच विचारलं, "दर वेळी एकसारखं नाही का होणार?" एकसारखं होणार असतं तर ट्रॅकच लावले असते.

दुसरी चाचणी डोंबिवलीहून आलेल्या एका ज्येष्ठ गायक-नटांची. त्यांना या नाटकातली पदं मुखोद्गत आहेत, कुठे टाळी येते तेही पाठ आहे. सांधा असा जुळवला की आम्ही बघतच राहिलो: वाक्याच्या शेवटच्या शब्दावरच त्यांची बोटं पेटीवर सूर धरत होती. पण प्रत्येक पद आलाप-तानांसह पूर्ण व्हावं असा त्यांचा आग्रह. अश्विनशेठच्या एका पदाला नऊ मिनिटं लागली. दादांचं म्हणणं वेगळं आहे. जितेंद्र अभिषेकींनी १९६४ मध्ये 'मत्स्यगंधा'ची पदं आटोपशीर आणि प्रसंगाला धरून बांधली, त्याच अंगाने आपली जुनी पदंही गायली जावीत. नऊ मिनिटं प्रेक्षकाला खिळवून ठेवायला तेवढ्या ताकदीचा गळा लागतो, तो आमच्या मुलाकडे अजून नाही. बुजुर्गांना हे पटलं नाही. पाया पडून निरोप घेतला. त्यांनी जाताना पदांची जुनी हस्तलिखित वही झेरॉक्स करायला दिली.

२० जुलै

तिसरी चाचणी. कळव्याच्या एक बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या संगीत शिक्षिका. घरी क्लास घेतात आणि भजनी मंडळांना पेटीची साथ करतात. नाटकाचा अनुभव शाळेच्या स्नेहसंमेलनांचा. कागदावर तिघांत सगळ्यात कमी.

आल्यावर त्यांनी गाणं सुरूच केलं नाही. शाळेची पेटी उघडली, षड्ज-पंचम दाबून कान लावला, मोबाइलवर तंबोऱ्याचं अ‍ॅप लावलं आणि म्हणाल्या, "ही पेटी थोडी चढी बोलते." अ‍ॅपमध्ये बारीक सूर सरकवत तंबोरा पेटीशी जुळवला. इतके दिवस आमची मुलं त्याच पेटीवर आणि त्याच अ‍ॅपवर सराव करत होती आणि काहीतरी खटकतंय एवढंच म्हणत होती.

मग अश्विनशेठला उभं केलं. "गाऊ नकोस. भादव्याला हॉलच्या त्या टोकावरून हाक मार." त्याने मारली. त्यांनी पेटीवर तो सूर शोधला. "आता तेच वाक्य रागावून म्हण." पुन्हा सूर शोधला. असं तीन-चारदा झाल्यावर पदाचे शब्द संवादासारखे म्हणायला लावले, मग गुणगुणायला, आणि तो कधी गायला लागला ते त्यालाच कळलं नाही. आत्तापर्यंत तो यूट्यूबवरच्या एका ध्वनिमुद्रणाबरोबर काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी षड्ज धरून, गात होता आणि तार षड्जाला मानेच्या शिरा फुगत होत्या. बाईंनी त्याला काळी एकवर आणलं. फरक एका पूर्ण स्वराचा, पण तार षड्ज ओरडावा लागला नाही, लागला.

नांदीला त्यांनी कच्च्या लोकांना मागे लपवलं नाही. प्रत्येकाला एकेका गाणाऱ्याच्या शेजारी बसवलं. काकांना म्हणाल्या, "अहो, तुम्ही फक्त ध्रुवपदाचा शेवटचा शब्द म्हणा, पण समेवर म्हणा." काकांची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, एकदाही चुकली नाही. लयीचा पक्का माणूस आमच्यात बसला होता आणि सूर कच्चा म्हणून आम्ही त्यांना सोडून दिलं होतं.

सांध्याला दोनदा पेटी उशिरा आली. तिसऱ्या वेळी त्यांनी नटाला सांगितलं, "शेवटच्या शब्दाआधी श्वास घेतोस ना, तो मला दिसेल असा घे." जमलं.

निर्णय तिथेच झाला. संध्याकाळी आधीच्या दोघांना मी स्वतः फोन केले. मेसेजवर नकार कळवायचा नाही, हे मंडळाने ठरवलंय.

२७ जुलै

कळव्याच्या शिक्षिका, आता आमच्या ताई, यांच्याशी व्यवहाराचं बोलणं. हे पहिल्या तालमीच्या आधी व्हायला हवं. गोडी जमली की पैशांचा विषय काढायला दोघांनाही संकोच वाटतो.

ठरलं ते पत्रावर लिहून दोघांनी सह्या केल्या. तालमींचं मानधन ₹४०,०००, तीन हप्त्यांत: सुरुवातीला १०,०००, सगळी पदं बसल्यावर १५,०००, आणि प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडण्याआधी १५,०००. नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, वेगळी, ₹५,०००. पुढचे प्रयोग लागले तर तीच नाईट. तबलजीचे पैसे मंडळ परस्पर देणार, ताईंच्या हातून जाणार नाहीत. हा आग्रह ताईंचा, आणि योग्य आहे. पैसे रखडले की तबलजी पेटीवाल्यालाच फोन करतो.

तारखांची अडचणही त्यांनी आजच मांडली. गणपतीत भजनाची कामं असतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात आणि त्यांची मुलं हिवाळी सत्राला बसणार आहेत. म्हणजे नेमकं आमच्या प्रयोगाच्या तोंडावर. बहुतेक संगीत शिक्षकांचं हेच असतं, तेव्हा प्रयोगाची तारीख घेण्याआधी हे विचारून घ्यावं. उपाय म्हणून पदं दिवाळीआधी बसवून मोकळं व्हायचं आणि परीक्षेच्या दिवसांत त्यांची एक विद्यार्थिनी सरावाला पेटी धरेल.

१० ऑगस्ट

पट्ट्या ठरल्या. अश्विनशेठ काळी एक, रेवती काळी चार. ताई खूश आहेत: काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. तबला त्या सुरात लावला की त्याच्यासाठी पंचमात वाजतो आणि तिच्यासाठी षड्जात. प्रवेश चालू असताना हातोडी घेऊन ठोकत बसायला नको. तबलजीने तरीही काळी एकचा दुसरा तबला शेजारी ठेवायचा ठरवलंय.

साधू करणाऱ्याची पट्टी या दोन्हींत बसत नाही. त्याचं पद अंकाच्या सुरुवातीला येईल असं दादा बघतायत, म्हणजे आधी तबला लावून घेता येईल.

नेरूळच्या गायिकांना फोन केला. त्या रेवतीला आठवड्यातून एकदा स्वतंत्र शिकवतील. ताईंना आधी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ताना त्यांच्याकडून घेऊ दे, नाटकात कुठे थांबायचं ते मी बघते."

१४ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतरची पहिली तालीम, आणि पहिली खडाजंगी. दादांनी रेवतीला पदाच्या मध्यावर पाठमोरी करून खिडकीकडे नेलं. ताई म्हणाल्या, ती मला दिसत नाही, अंतरा उचलायचा कसा? दादा म्हणाले, प्रसंगाला हेच हवं. आवाज चढले. रेवती दोघांच्या मध्ये उभी.

तालीम थांबवून चहाला बसलो आणि कुणाचा शब्द कुठे अखेरचा, हे लिहून काढलं. पदाआधीच्या शेवटच्या वाक्यापर्यंत दादांचा. पहिल्या सुरापासून समेवर येईपर्यंत ताईंचा. पद किती लांब, हे दोघांनी मिळून. तालमीत नटासमोर वाद घालायचा नाही, चहाच्या वेळी घालायचा. निवडीच्या पत्रातच ही ओळ असायला हवी होती. पुढच्या पत्रात घालणार.

पाठमोरं जाणं राहिलं. ताईंनी पेटी हलवली. आधी ती प्रेक्षकांच्या डाव्या हाताच्या विंगेत होती, आता समोरच्या विंगेत आली आणि तिथून खिडकी सरळ दिसते. नेपथ्यातला दरवाजा त्यामुळे पलीकडे गेला, तीन प्रवेशांच्या हालचाली बदलल्या, एक अख्खा रविवार त्यात गेला. पेटीची जागा पहिल्याच तालमीला जमिनीवर खडूने आखून घ्यावी.

५ ऑक्टोबर

तबलजीने दिवाळीपर्यंत जमणार नाही असं कळवलं. दिवाळी पहाटची कामं लागली आहेत. त्याला दोष देता येत नाही, वर्षाची कमाई त्या आठवड्यात असते. आमच्या कागदावर बदली माणसाची सोय नव्हती. ताईंच्या ओळखीतून कॉलेजचा एक मुलगा मिळाला, त्याला दोन तालमी नुसतं ऐकायला बसवलं. आता दोघंही तयार आहेत. बदली तबलजीला नाटक माहीत असणं मला आता चैन वाटत नाही, गरज वाटते.

२ नोव्हेंबर

सगळी पदं बसली. दुसरा हप्ता दिला. आज पहिल्यांदा हशाची तालीम घेतली: ज्यांचं काम नव्हतं त्यांना समोर बसवलं आणि पदाच्या तोंडाशी मनाला येईल तेवढा वेळ हसायला लावलं. ताईंनी सूर धरला, अश्विनशेठने भादव्याकडे बघत वेळ काढला, हशा ओसरता ओसरता मुखडा आला. घाणेकरच्या त्या प्रयोगातली नटी आता कृत्तिका करते. ती उठून पुढे आली आणि ताईंच्या पेटीशेजारी जाऊन बसली.

३० नोव्हेंबर

खर्चाचा हिशेब, पुढे कुणाला करायचं असेल त्यांच्यासाठी. तीन चाचण्या ₹३,०००. ताईंचं मानधन आणि एक नाईट मिळून ₹४५,०००. तबल्याच्या तालमी ₹१२,०००, नाईट ₹३,०००. रेवतीची स्वतंत्र शिकवणी ₹६,०००. प्रवास आणि किरकोळ ₹४,०००. एकूण ₹७३,०००, म्हणजे ठरल्यापेक्षा ₹२३,००० जास्त. ते नेपथ्यातून काढले: नवी चौकट न बांधता जुन्या प्रयोगाचे फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या तयार भिंती, रंगवून घेतले. माझ्या मते काट मारायची ती तिथेच मारावी. प्रेक्षक रंगवलेली भिंत चालवून घेतो, पडलेलं पद चालवून घेत नाही.

परीक्षेच्या दिवसांत ताईंची विद्यार्थिनी सरावाला येते. पेटी छान धरते, पण नटाला थांबवायला बिचकते. दादांनी तिला सांगितलंय की चुकलं तर पेटी सरळ बंद करायची, बोलायची गरज नाही.

१४ डिसेंबर

प्रयोग जानेवारीतल्या एका सकाळच्या सत्रात, गडकरी रंगायतनला. कॉलर माइक गाणाऱ्यांपुरतेच घेतोय. ताईंनी साउंडवाल्याकडे आपल्यासाठी एक छोटा मॉनिटर मागितला. नटाचा श्वास हॉलमध्ये तीन हातांवर दिसायचा, तिथे विंगेतून तो ऐकावा लागणार.

पुढच्या वर्षीही काम करायला ताई तयार आहेत. अट एकच: मदतनीस आत्तापासून हवा, परीक्षेच्या तोंडावर शोधलेला नको. विद्यार्थिनीला विचारलं, तिला बारावीनंतर चालेल. तोवर आणखी कुणी मिळतं का ते बघायचंय. चाचणी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, त्याच हॉलमध्ये, पाऊण तास, मानधन ₹१,०००. पेटी शाळेची असेल. चढी आहे, हे या वेळी मजकुरातच लिहिलंय.